भिंतीला आलेलं पोट

देवगडच्या बाजूला आमचं मेडिकल आहे, वडलांच्या वेळेपासूनचं. समोर एसटीचा थांबा, बाजूला चहाचं दुकान, त्यामुळे औषध घ्यायचं नसलं तरी लोक काउंटरला टेकून उभे असतात आणि अख्ख्या गावाची तब्येत न विचारता आमच्याकडे जमा होते. तर कोणी हृदयाची अँजिओग्राफी करून आला, मग तो गोव्यात बांबोळीला जाऊन आलेला असो, कोल्हापूरला किंवा मुंबईला पोराकडे राहून, त्याला पहिला प्रश्न ठरलेला. "किती ब्लॉक गावले?" एक म्हटलं तर लोक धीर देतात, तीन म्हटलं तर "अरे देवा" होतं, आणि एकपण नाही म्हटलं तर जरा हिरमोडच होतो सगळ्यांचा, एवढे पैसे घालवले, गाडी करून गेला आणि आत काय नाहीच. मग टक्के येतात. सत्तर टक्के, नव्वद टक्के. मग स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली का, दोन टाकल्या का, सरकारी योजनेत बसली का. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत होतं की आता मोकळं झालं, आता टेन्शन नाही.

हे ऐकताना मी गोळ्यांच्या पट्ट्या कापत असतो आणि मनात म्हणतो, बाबांनो, मोकळं काय झालं? एक अरुंद जागा रुंद झाली, चांगलंच झालं, अटॅकच्या वेळी तर त्या स्प्रिंगने जीव वाचतो, त्याबद्दल वादच नाही. पण आजार त्या एका जागेत नव्हताच. आपण सगळे नळ चोंदल्याचं चित्र डोक्यात घेऊन बसलोय. गाळ साठला, पाणी येईना, सळई घालून साफ केला, विषय संपला. हा आजार नळाच्या भोकात होत नाही, भिंतीच्या आत होतो, आणि त्यात चरबीएवढाच हात आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा असतो, ज्या खरं तर आपली राखण करायला ठेवलेल्या आहेत. आणि वय वाढतं तेव्हा केस आणि गुडघ्यांबरोबर या पेशीपण म्हाताऱ्या होतात. हे मला बीफार्मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी मागच्या बाकावर असेन. नंतर दुपारच्या निवांत वेळात, गिऱ्हाईक नसताना वाचत वाचत कळत गेलं.

आता भिंत म्हणजे काय ते जरा बघू. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. रक्तातल्या एलडीएलचे, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो त्याचे बारीक कण या अस्तराखाली शिरतात आणि काही तिथेच अडकून राहतात. कुठेही नाही, मुख्यतः जिथे वाहिनीला फाटा फुटतो किंवा वळण येतं, रक्त सरळ न जाता भोवऱ्यासारखं फिरतं, तिथे. अडकलेल्या कणांवर ऑक्सिजनची प्रक्रिया होते, ते खराब होतात, अस्तराला कळतं की इथे काहीतरी बिघडलंय आणि ते रक्तातून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना हात करून बोलावतं. त्या आत उतरतात, मॅक्रोफेज बनतात, म्हणजे सरळ सांगायचं तर खादाड पेशी, आणि ते खराब झालेले कण खायला लागतात. खातात, खातात, एवढं खातात की पोटात चरबीचे थेंबच थेंब, मायक्रोस्कोपखाली फेस भरल्यासारख्या दिसतात म्हणून त्यांचं नावच फेसाळ पेशी. आणि मग त्या तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलायच्या कोणी? दुसऱ्या मॅक्रोफेजनी. ते काम वेळेवर झालं तर ठीक, नाही झालं तर भिंतीच्या आत एक मऊ, कुजका गोळा तयार होतो. त्यावर भिंतीतल्या स्नायूच्या पेशी येऊन कोलॅजेनचं, म्हणजे चिवट धाग्यांचं, एक टोपण बांधतात. टोपण जाड आहे तोवर माणूस माडावर चढतो, होडी ओढतो, त्याला काही कळत नाही. टोपण पातळ होऊन फाटलं की आतला ऐवज रक्ताला भिडतो, तिथे गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद. हाच अटॅक.

आमच्याकडच्या जुन्या मातीच्या भिंती ज्यांनी बघितल्यात त्यांना हे पटकन कळेल. पावसाळ्यामागून पावसाळे ओल आत मुरत जाते, वरचा गिलावा शाबूत असतो, चुना काढलेला असतो, त्यावर पंचांगाचं कॅलेंडर पण टांगलेलं असतं, आणि एक दिवस गवंडी येतो, तळव्याने थापटतो आणि म्हणतो, भिंतीला पोट आलंय. ते पोट बाहेरच्या बाजूला आलेलं असतं, पडवीकडे. आत खोली होती तेवढीच, त्यामुळे घरातल्यांना पत्ताच नाही. रक्तवाहिनीचं अगदी असंच होतं. १९८७ मध्ये शिकागोच्या ग्लागोव्ह नावाच्या पॅथॉलॉजिस्टने हृदयाच्या वाहिन्या मोजून दाखवलं की भिंतीत हा थर साठत जातो तशी वाहिनी बाहेरच्या अंगाला फुगते आणि आतलं भोक बराच काळ तेवढंच राहतं, साधारण चाळीस टक्के जागा थराने व्यापेपर्यंत. म्हणजे तोपर्यंत अँजिओग्राफीत फारसं काही दिसणार नाही कारण अँजिओग्राफीत दिसतं ते भोक. भिंत दिसत नाही.

"गेल्या महिन्यात टीएमटी नॉर्मल आली होती हो, आणि बघा" हे वाक्य आमच्या काउंटरवर किती वेळा ऐकलंय, आणि त्यात डॉक्टरवर राग असतो. राग समजतो मला. पण पट्ट्यावर चालवून घेतलेली ती टेस्ट धावताना हृदयाला रक्त कमी पडतंय का एवढंच सांगते. कितीतरी अटॅक अशा ठिकाणी होतात जिथे अडथळा फार मोठा नव्हताच, टोपण तेवढं पातळ होतं.

आणि हे सगळं कधी सुरू होतं तर साठीला नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं उघडून बघितली होती, १९५३ साली त्याचा अहवाल आला. सरासरी वय २२. त्यातल्या ७७ टक्के पोरांच्या वाहिन्यांमध्ये आजाराची काही ना काही खूण होती. बावीस वर्षांचं पोर म्हणजे आमच्याकडे कबड्डीच्या टीममध्ये असतं किंवा ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातं. त्याच्या आईला सांगून बघा की याच्या हृदयाच्या भिंतीत आत्ताच काहीतरी जमायला लागलंय, ती तुम्हाला झाडूने मारेल.

यातला वाद पण जुना आहे आणि मला तो वाचायला फार मजा येते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या फिरखोने सांगितलं होतं की ही नुसती चरबी साठणं नाही, भिंतीतली दाहाची, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशी चिडून जी धग पेटवतात तिची, क्रिया आहे. मग १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खायला घालून त्यांच्या वाहिन्या तशाच बिघडवून दाखवल्या आणि सगळ्यांचं लक्ष चरबीकडे गेलं, ते जवळपास शतकभर तिथेच राहिलं. दाह परत मध्यभागी यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला, १९९९ मध्ये रसेल रॉसने एका मोठ्या लेखात सरळ लिहिलं की हा दाहाचाच आजार आहे. आता कळतंय की दोघंही बरोबर होते. चरबीशिवाय सुरुवात होत नाही आणि पांढऱ्या पेशींशिवाय पुढे सरकत नाही.

आता वयाकडे येतो.

आमच्याकडे एक आबा येतात, बागायतदार, पंच्याहत्तरीच्या पुढचे, अजून कलमाखाली उभं राहून माणसांवर ओरडतात. प्रेशरची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि रक्त पातळ व्हायची गोळी अशी त्यांची महिन्याची पिशवी असते आणि दर महिन्याला पैसे देताना एकच वाक्य. "वयाक काय औषद असा रे?" आणि मग स्वतःच हसतात. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण हृदयाच्या आजाराचं सगळ्यात मोठं कारण कुठल्याही तक्त्यात बघा, वयच असतं. साखर, प्रेशर, तंबाखू सगळे त्याच्या मागे. पण वय म्हणजे काय करतं हो नक्की? कॅलेंडरची पानं काही वाहिनीत जाऊन चिकटत नाहीत.

पहिली गोष्ट हाडांच्या आत, बोनमॅरोत घडते. तिथे रक्ताच्या मूळपेशी असतात, त्या आयुष्यभर विभागत राहून रक्त तयार करतात. विभागता विभागता डीएनएमध्ये चुका होतात, बहुतेक चुका निरुपद्रवी. पण कधी एखादी चूक अशा जीनमध्ये होते की त्या पेशीची पिलावळ बाकीच्यांपेक्षा जोरात वाढायला लागते, आणि सत्तरीला पोचेपर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा बराच हिस्सा त्या एकाच मूळपेशीचा वंश होऊन बसतो. कॅन्सर नाही हा, साध्या रक्त तपासणीत काही दिसत पण नाही. २०१४ मध्ये मोठ्या संख्येने लोकांचं डीएनए तपासून कळलं की सत्तरीच्या पुढच्या साधारण दहातल्या एका माणसात हे सापडतं. २०१७ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की अशा लोकांना हृदयाच्या वाहिन्यांच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट असतो. का? तर या वंशातले मॅक्रोफेज जास्त तापट असतात. टीईटी-टू नावाचा जीन बिघडवलेल्या पेशी उंदरांच्या मॅरोत घातल्या तर वाहिनीतला थर जास्त वाढला, आणि त्या पेशी इंटरल्युकिन-वन-बीटा नावाचा दाह पेटवणारा पदार्थ जास्त सोडत होत्या. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गरगरलं होतं. आपण तेलातुपाचा हिशोब करत बसलोय आणि तिकडे मांडीच्या हाडात कुठली तरी एक पेशी आपलं घराणं वाढवतेय, तिला खायला काय घालता याच्याशी फारसं देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट छातीच्या हाडामागची. तिथे थायमस नावाची एक ग्रंथी असते, टी-पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका जातीची, शाळाच म्हणा, लहानपणी चांगली मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसायला लागते, म्हातारपणी तिथे बहुतेक चरबीच उरते. नव्या कोऱ्या टी-पेशी येणं कमी कमी होत जातं आणि जुन्या, आयुष्यभराच्या तापसर्द्यांच्या आठवणी घेऊन बसलेल्या टी-पेशींचा भरणा होतो. या जुन्या पेशींना नवीन काही शिकवता येत नाही पण चिडणं मात्र त्यांना चांगलं जमतं. त्या इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्याने स्नायूपेशी कोलॅजेन बनवायचं कमी करतात, आणि चिडलेले मॅक्रोफेज असलेलं कोलॅजेन कापणारी एन्झाइम्स सोडतात. म्हणजे टोपण बांधणारे थांबले आणि कापणारे वाढले. गुठळ्याबिठळ्या सगळं नंतरचं, मूळ गडबड इथे आहे.

तिसरं म्हणजे उचलाउचल. म्हातारे मॅक्रोफेज मेलेल्या पेशी पूर्वीसारख्या झटपट खाऊन संपवत नाहीत, त्यामुळे कुजका गोळा मोठा होतो. शिवाय काही पेशी अशा होतात की त्या मरतही नाहीत आणि विभागतही नाहीत, नुसत्या बसून आजूबाजूला दाहाची रसायनं सोडत राहतात, वाहिनीच्या थरात पण त्या सापडतात, आणि उंदरांमधून त्या काढून टाकल्या तर आजार कमी होतो असं २०१६ मध्ये दाखवलंय. हे सगळं मिळून अंगात एक बारीक धग कायम राहते, ताप नाही, सूज नाही, पण सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, तपासला तर थोडा वर. इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्सेस्कीने २००० साली याला इन्फ्लमेजिंग म्हटलं, इंग्रजीतला दाह आणि म्हातारपण जोडून केलेला शब्द. नाव काहीही द्या. आबा फक्त म्हणतात, "सकाळी उठल्यार सगळा आंग आखाडता," त्यात यातलं थोडं असेल, बाकीचं कलमांवर ओरडण्याचं.

बायकांचं वेगळं लिहायला हवं पण इथे एवढंच सांगतो, पाळी जाईपर्यंत त्यांना थोडं संरक्षण असतं, नंतर ते जातं, आणि त्यांचं दुखणं पुष्कळदा छातीत कळ अशा सिनेमातल्या थाटात येत नाही. धाप, जबड्यात दुखणं, मळमळ, विचित्र थकवा. आमच्याकडे ते गॅसेसवर जातं आणि ओव्याची पुडी दिली जाते. पन्नाशीच्या पुढच्या बाईला असं अचानक झालं तर ओवा राहू दे, आधी ईसीजी काढा.

मग प्रश्न असा की वय आणि दाह एवढे जोरदार असतील तर सगळ्या म्हाताऱ्यांच्या वाहिन्या खराबच असल्या पाहिजेत. तसं नाहीये, आणि हा माझा आवडता भाग आहे. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे आदिवासी राहतात, शेती, शिकार, मासेमारी, दिवसभर पायावर. २०१७ मध्ये त्यांच्यातल्या ७०५ जणांचं छातीचं सीटी स्कॅन केलं, आणि ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या वाहिन्यांत कॅल्शियमचा, म्हणजे साठलेल्या थराच्या खुणेचा, ठिपका पण नव्हता. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांपैकी पण दोन तृतीयांश लोकांत शून्य. आणि गंमत ही की त्यांच्या अंगात दाह भरपूर असतो, जंत, ताप, जखमा, सगळं चालू. म्हणजे धग आहे पण जाळायला काही नाही, त्यांचं एलडीएल शंभरच्या पण खाली असतं. दाह एकटा काही करू शकत नाही, त्याला भिंतीत अडकलेला माल लागतो. उलट बाजूनेही तेच दिसतं. काही लोकांमध्ये जन्मतःच पीसीएसके-नाइन नावाचा जीन बंद असतो, त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा कृष्णवर्णीय लोकांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकार ८८ टक्के कमी. अठ्ठावीसला अठ्ठ्याऐंशी कसे? कारण ते अठ्ठावीस जन्मापासूनचे होते. साठीला गोळी सुरू करून तेवढा फरक पडत नाही, तोवर भिंतीला पोट आलेलं असतं.

म्हणून आबांना मी सांगतो की वयाला औषध नाही पण वयाने जे साठवलंय त्याला आहे, आणि नवीन साठू नये म्हणून तर नक्कीच आहे. ते म्हणतात, माका काय होवचा नाय, मी रोज मासे खातंय. हा कोकणातला ठाम विश्वास, मासे खाणाऱ्याला काही होत नाही. बांगडा, तारली चांगलेच आहेत, मटणापेक्षा केव्हाही बरे. पण आपण बांगडा तेलात तळून, रव्यात घोळवून खातो, पावसात खारा मासा आणि सुकट खातो ज्याच्या मिठाने प्रेशर वर जातं, आणि जेवणानंतर बोटावर मशेरी असते. ती मशेरी अस्तराचं काय करते आणि हिरड्यांचं काय करते, त्याच्यावर वेगळा लेख होईल. त्सिमाने लोकांसारखं दिवसभर कोण चालतंय आता? बाजारात जायला पण स्कूटर. आणि आपल्याला अजून एक वारसा आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट नावाच्या अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत जवळपास ५९. त्यामुळे गणपतीला मुंबईहून येणारा चाकरमानी पन्नाशीच्या आत स्प्रिंग घेऊन येतो, आणि म्हातारा बाप त्याची बॅग उचलायला थांब्यावर उभा. हे दृश्य आता आमच्याकडे नवीन राहिलेलं नाही.

बरं, दाहच जर एवढा कारणीभूत तर दाह मारणारं औषध द्या ना. दिलं की. कॅनाकिनुमॅब नावाचं इंजेक्शन, ते त्या इंटरल्युकिन-वन-बीटालाच पकडतं. आधी अटॅक येऊन गेलेले आणि सीआरपी वर असलेले दहा हजारांवर लोक घेतले, २०१७ मध्ये निकाल आला. एलडीएलला हात न लावता पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदयाने होणारे मृत्यू मिळून १५ टक्के कमी झाले. म्हणजे दाहाची गोष्ट माणसांत सिद्ध झाली. पण त्याच लोकांत जंतुसंसर्गाने मरणारे वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पांढऱ्या पेशींचं तोंड बांधलं की त्या भिंतीत भांडत नाहीत हे खरं, पण दारात चोर आला तर ओरडत पण नाहीत. इंजेक्शन भयंकर महाग, हृदयासाठी ते बाजारात आलंच नाही. मग स्वस्तातलं मेथोट्रेक्सेट, संधिवाताला देतात ते, चार हजारांवर लोकांना देऊन बघितलं, काहीच उपयोग नाही. म्हणजे कुठलाही दाह कसाही कमी करून चालत नाही, नेमकी तार पकडावी लागते.

आणि मग आली कळलावी. श्रावणात आमच्या इथे गडग्यावर, कुंपणाच्या करवंदीच्या जाळीतून ती वर येते, पानाचं टोक पुढे जाऊन गुंडाळतं आणि जे हाताला लागेल त्याला धरून वेल चढते, आणि फूल असं की पाकळ्या खाली पसरायच्या सोडून सगळ्या वर वळलेल्या, कडेला सुरकुत्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, दोन दिवसांनी अख्खं लालभडक. घरात आणली की भांडणं लागतात असं आमची आजी म्हणायची आणि आम्हाला हात लावू द्यायची नाही, त्यामागचं खरं कारण तिच्या जमिनीखालच्या गड्ड्यात आहे. गड्डा खाल्ला तर माणूस मरतो. त्यात आणि बियांत कोल्चिसिन असतं. युरोपात हेच कोल्चिसिन तिकडच्या एका केशरासारख्या दिसणाऱ्या रानफुलातून काढायचे, गाऊटवर, म्हणजे अंगठा सुजून लाल होतो त्या दुखण्यावर, फार जुनं औषध. तामिळनाडूत कळलावीची चक्क शेती होते, बिया औषध कंपन्यांना जातात.

तर या कोल्चिसिनचा अर्धा मिलिग्रॅम, रोज, हृदयाच्या वाहिन्यांचा आजार असलेल्यांना देऊन बघितला. २०१९ च्या, नुकताच अटॅक येऊन गेलेल्यांच्या अभ्यासात अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून २३ टक्के कमी, २०२० च्या दुसऱ्यात ३१ टक्के कमी, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत या कामासाठी त्याला परवानगी मिळाली. मी खूश होतो, आपल्या गडग्यावरची वेल म्हणून. पण २०२४ मध्ये सात हजारांवर लोकांचा अजून एक अभ्यास आला आणि त्यात काहीच फरक दिसला नाही. आता डॉक्टर लोक दोन्हीकडून बोलतात, आणि मला वाटतं हे ठीकच आहे, सायन्स असंच चालतं, व्हॉट्सॲपवरच्यासारखं एका फटक्यात होत नाही. आमच्याकडे कधीमधी एखादी चिठ्ठी येते त्याची. आली की मी दोन गोष्टी विचारतो, किडनीचा रिपोर्ट कधी केला आणि घशाबिशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू आहे का, कारण किडनी कमजोर असली किंवा ही दोन औषधं एकत्र गेली तर कोल्चिसिन अंगात साठतं आणि मग आजीचं म्हणणं खरं होतं. आणि हे वाचून कोणी कुंपणावरची वेल उपटून काढा करायला जाऊ नका. हात जोडून सांगतो.

पावसाळ्याचा विषय निघालाय तर तापाचं पण बोलून घेऊ. आमच्याकडे जुलै ऑगस्टमध्ये घराघरात ताप असतो, आणि मग ऐकू येतं की अमक्याची आई गेली, ताप उतरला होता, पेज पण जेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी छातीत दुखलं. लोक म्हणतात वेळ आली होती. २०१८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला, फ्लूची खात्री झाल्यावर पहिल्या सात दिवसांत अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहा पट. अंगात फ्लूशी लढाई चालू असते तेव्हा भिंतीतले चिडके मॅक्रोफेज पण जागे होतात, रक्त गोठायला अधीर होतं, हृदय जोरात पळतं, आणि पातळ टोपण नेमकं तेव्हा फाटतं. फ्लूची लस घेतलेल्या हृदयरोग्यांत पुढच्या वर्षभरात मृत्यू कमी झाल्याचं २०२१ च्या अभ्यासात दिसलं. एका टोचणीत. स्टेंटच्या खर्चाच्या तुलनेत तिची किंमत काहीच नाही, आणि तरी मे महिन्यात मी ती फ्रीजमध्ये आणून ठेवतो तेव्हा घेणारे हाताच्या बोटावर मोजण्याएवढे. पोरांना देतात, म्हाताऱ्यांना कशाला म्हणतात. म्हाताऱ्यांनाच लागते हो. तीच थायमस आक्रसलेली, नवीन शिकणाऱ्या पेशी कमी, म्हणून लसीचा असर पण त्यांच्यात कमी पडतो, म्हणून काही देशांत पासष्टीच्या पुढच्यांसाठी जास्त ताकदीची वेगळी लस काढलीय. कमी पडतो म्हणजे पडतच नाही असं नाही.

आता सगळ्यात रोजचा विषय, आणि ज्यावर माझं गिऱ्हाइकांशी खरंखुरं भांडण होतं. दुखण्याची गोळी. एवढं सगळं ऐकल्यावर एखाद्याला वाटेल की सूज कमी करणारी गोळी म्हणजे हृदयाला पण बरी. उलट आहे. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी गुडघ्याची सूज उतरते पण अटॅकचा धोका वाढतो, त्या वेगळीच तार ओढतात, रक्त गोठण्याकडे झुकतं, अंगात मीठपाणी धरून राहतं, प्रेशर वाढतं. याच घराण्यातली रोफेकॉक्सिब नावाची गोळी २००४ मध्ये अख्ख्या जगातून मागे घ्यावी लागली ती याच कारणाने. आणि आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त खपणारा माल तोच. कंबर, गुडघे, खांदे, दी रे ती गोळी. स्प्रिंग टाकलेला माणूस पण तेच मागतो आणि त्याला माहीतच नसतं.

परवा आबा तीच मागत होते. मी चिठ्ठी मागितली, नव्हती, मग नाही म्हटलं, वर हे सगळं गोठण्याचं, प्रेशरचं त्यांना समजावून सांगितलं, तोपर्यंत मागे चहावाल्यापर्यंत रांग. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ता सगळा खरा. मगे गुडघ्याक काय करू?" प्रश्न रास्त होता. पॅरासिटामॉल दिली, लावायला मलम दिलं, आणि गुरुवारी हाडांचे डॉक्टर येतात त्यांचा नंबर लावून दिला. मलम बघून म्हणाले, ह्या माज्या बापाशीक पण चोळत होते. पैसे दिले आणि निघाले, चालत.